एकाच कोपऱ्यातली मोटर परत परत जळतेय? नवीन मोटर घ्यायच्या आधी हे तपासा

माझ्या पाच इंची क्वाडची (चार मोटर्सच्या ड्रोनची) मागची उजवी मोटर सहा महिन्यांत तीनदा जळली. तीनदा, आणि तीनही वेळा तोच कोपरा. बाकीच्या तीन मोटर्स पहिल्या दिवसापासूनच्या आहेत, बाभळीला आपटल्या, चिखलात पडल्या, तरी ठणठणीत. पहिल्यांदा मला वाटलं पीसच खराब लागला असेल, होतं कधी कधी. दुसऱ्यांदा ज्याच्याकडून सामान घेतो तो म्हणाला ईएससी (मोटरला वीज देऊन तिचा वेग सांभाळणारं सर्किट) गेलाय तुमचा, म्हणून मी चारही ईएससी एकत्र असलेला अख्खा फोर-इन-वन बोर्ड बदलला, त्याचे साडेसहा हजार गेले. आणि नव्या बोर्डावरची नवी मोटर आठव्या पॅकला (एक पॅक म्हणजे एका बॅटरीचं उड्डाण) जळली तेव्हा ठरवलं की आता कारण सापडल्याशिवाय चौथी मोटर विकत आणायचीच नाही. दोन रविवार गेले त्यात, पण कारण सापडलं, आणि ते मोटरमध्ये नव्हतंच.

म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतोय. पुण्यात आता बरीच कॉलेजची पोरं स्वतः क्वाड जोडतात, मोटर गेली की लगेच नवीन मागवतात, ती पण जाते, मग वैतागून छंदच सोडून देतात, आणि हे बघून मला खरंच वाईट वाटतं. मोटर अशी आपली आपण फार क्वचित मरते. तिला काहीतरी मारत असतं, आणि ते काय आहे ते आधी शोधायचं.

आधी माझा सेटअप सांगतो म्हणजे पुढचं कळेल. पाच इंची कार्बन फ्रेम, सिक्स एस बॅटरी (सहा सेल सिरीजमध्ये), मोटर्स २२०७ साइजच्या १७५० केव्हीच्या. २२०७ म्हणजे आतल्या स्टेटरचा (तारा गुंडाळलेल्या, न फिरणाऱ्या भागाचा) व्यास २२ मिमी आणि उंची ७ मिमी, आणि केव्ही म्हणजे एका व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे, तेही प्रॉप (पंखा) न लावता. सिक्स एस फुल चार्ज २५.२ व्होल्ट, म्हणजे हिशोबाने ही मोटर रिकामी ४४,१०० फेऱ्यांपर्यंत जाते. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या वस्तूत एखादी बारीक चूक राहिली तर ती किती लवकर मोठी होते ते यावरून लक्षात येईल.

लक्षणं दर वेळी साधारण सारखीच होती. सुरुवातीला काहीच कळायचं नाही, चार-पाच पॅक मस्त उडायचे. मग उतरवल्यावर हात लावून बघितलं तर तीन मोटर्स कोमट आणि ही एक चटका बसेल इतकी गरम. त्यानंतरच्या एखाद-दुसऱ्या पॅकला थ्रॉटल एकदम वाढवला की मागचा उजवा कोपरा क्षणभर खाली बसायचा आणि सावरायचा. आणि मग एक दिवस हवेतच भिरभिरत खाली. उचलून नाकाशी धरली की तो वास, जुन्या मिक्सरची मोटर जळल्यावर येतो ना, वार्निशचा, तसाच.

आता तपासायचं कसं ते. सगळ्यात आधी प्रॉप काढा. चारही. हे मी दर वेळी सांगतो आणि पुढे पण सांगत राहणार, कारण पाच इंची प्रॉपने बोटाला चार टाके पडलेला मित्र मी स्वतः इथे कोथरूडमध्ये दवाखान्यात नेलाय. लॅपटॉपला जोडायचं असो की नुसती बॅटरी लावून बीप ऐकायचा असो, प्रॉप निघालेच पाहिजेत.

पहिली चाचणी फुकटची आहे, मीटरसुद्धा लागत नाही आणि माझ्या मते हीच सगळ्यात उपयोगाची. बॅटरी काढलेली असताना चारही मोटर्स एकामागून एक बोटाने फिरवा. ब्रशलेस मोटर फिरवताना टक टक टक असं अडखळत फिरते, ते मॅग्नेटमुळे, ते नॉर्मल आहे, पण चारही सारख्याच अडखळल्या पाहिजेत. एखादी फिरवताना मधात बोट घातल्यासारखी जड लागली, सोडल्या सोडल्या थांबली, तर कुठेतरी शॉर्ट आहे. एक तर मोटरच्या वाइंडिंगमध्ये (तांब्याच्या तारांच्या वेढ्यांत), नाहीतर ईएससीचा मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा भाग) उडालाय. फिरणारी मोटर म्हणजे छोटा डायनॅमोच असतो, वायरी कुठे आपसात चिकटल्या असतील तर करंट आतल्या आत फिरतो आणि मोटर स्वतःलाच ब्रेक लावते. मग त्या मोटरच्या तीन वायरी बोर्डावरून सोडवा आणि परत फिरवून बघा. आता मोकळी झाली? मग बोर्ड गेलाय. अजूनही जड? मग मोटर गेली. दहा मिनिटांचं काम आहे आणि हे मी दुसऱ्यांदाच केलं असतं तर बोर्डाचे पैसे वाचले असते. (जुना बोर्ड नंतर तपासला, चारही चॅनल धडधाकट निघाले, तो आता दुसऱ्या क्वाडवर चालतोय.)

मोटर मोकळी फिरतेय पण बॅटरी लावली की नुसती थरथरते, फिरत नाही, एका बाजूला झटका देते आणि परत मागे येते, तर ते उलट प्रकरण आहे. तिथे शॉर्ट नसतो, तीनपैकी एक फेज, म्हणजे मोटरच्या तीन वायरींपैकी एक, तुटलेली असते. बहुतेक वेळा बोर्डावरचा सोल्डरचा डाग सुटलेला असतो, नाहीतर मोटरच्या बुडाशी, जिथे वायर बाहेर येते तिथेच, आतून तुटलेली असते. वायर हलकेच ओढून बघा. डाग वरून चकचकीत दिसतो आणि खाली पॅडला धरलेलाच नसतो असं खूपदा होतं, मीटर लावला तर कंटिन्युइटी पण दाखवतो, पण तिथून तीस-चाळीस अँपिअर जायला लागले की डाग तापतो आणि मोटरचा ईएससीशी ताळमेळ (सिंक) हवेतच सुटतो. शंका असेल तर फ्लक्स लावून तिन्ही डाग नवे मारा, कथील वितळून पॅडवर पसरलेलं दिसलं पाहिजे, गोळ्यासारखं वर बसलेलं नको.

मोटरच्या जागा बदलून बघा असा सल्ला सगळीकडे मिळतो, म्हणजे संशयित मोटर दुसऱ्या कोपऱ्याच्या पॅडवर लावायची, दोष मोटरबरोबर गेला तर मोटर खराब आणि तिथेच राहिला तर ईएससी. चाचणी चांगली आहे पण एक अट घालतो, हाताला जड लागणारी मोटर कधीही चांगल्या चॅनलवर लावायची नाही. शॉर्ट झालेली मोटर तो चॅनल पण घेऊन जाईल. थरथरणाऱ्या, आवाज करणाऱ्या, कमी ताकद लावणाऱ्या मोटरसाठीच ही चाचणी वापरा.

मीटरचं पण सांगतो कारण त्यात बरेच जण फसतात. दोन फेजमधला रेझिस्टन्स मोजून काही कळत नाही, या मोटर्सचं वाइंडिंग एका ओहमच्या बरंच खाली असतं आणि आपला पाचशे-हजारवाला मीटर चांगल्या मोटरला पण ०.२ दाखवतो आणि जळालेल्या मोटरला पण ०.२ च दाखवतो, त्यातलं निम्मं तर त्याच्या स्वतःच्या प्रोबच्या वायरींचंच असतं. मीटर वापरायचा तो वेगळ्या कामाला. बझरवर ठेवा, एक प्रोब मोटरच्या कुठल्याही एका वायरला आणि दुसरा मोटरच्या धातूच्या बेसला, म्हणजे स्क्रूच्या भोकाशी. वाजलाच नाही पाहिजे. वाजला, तर वाइंडिंगचं वार्निश कुठेतरी निघून तांबं अंगाला लागलंय, मोटर संपली.

बोर्डासाठी मोटर सोडवलेली असताना मीटर डायोडवर ठेवून तीनही फेजचे पॅड एकेक करून बॅटरीच्या प्लसशी आणि मायनसशी मोजा. तिन्हींचं रीडिंग जवळपास सारखं आलं पाहिजे. एखादा पॅड शून्याजवळ दाखवत असेल तर तिथला मॉसफेट गेला. मोटर जोडलेली ठेवून हे मोजू नका, कारण वाइंडिंगमधून तिन्ही पॅड एकमेकांना जोडलेलेच असतात, मग तिन्ही सारखेच दिसणार.

आता माझी गोष्ट. तिसरी जळलेली मोटर हाताला जड लागली, सोडवल्यावरही जड, बझर पण वाजला. म्हणजे मोटर गेली हे पक्कं. पण का गेली? मग मी ती उघडली. खालून ॲलन कीने शाफ्टचा स्क्रू काढला (काही मोटर्सना तिथे स्क्रूऐवजी छोटी क्लिप असते, ती काढताना वर कापड धरा, नाहीतर उडून जाते आणि मग गुडघ्यावर बसून फरशी चाचपडत बसावं लागतं), बेल (मॅग्नेट लावलेलं बाहेरचं फिरणारं कवच) ओढून बाहेर काढली, मॅग्नेटचा जोर असतो त्यामुळे थोडी ताकद लावावी लागते. टेबललॅम्पखाली धरून मोबाइलच्या मॅक्रोने फोटो काढले आणि मोठे करून बघितले. वाइंडिंग एका बाजूला काळंभोर, बाकी तांबूस. ते अपेक्षितच होतं. मग उलटं करून बुडाकडून बघितलं, चार स्क्रूंच्या भोकांतून आत, आणि दोन भोकांच्या बरोब्बर समोर तांब्याच्या तारांवर मोहरीएवढे दोन चकचकीत ठिपके. वार्निश घासून गेलेलं आणि उघडं तांबं चमकत होतं. टेबलावर ठेवलेले स्क्रू उचलून बघितले तर त्यातल्या दोघांच्या टोकाला तपकिरी डाग, नखाने खरवडला तर निघाला. वार्निशच ते.

स्क्रू लांब होते.

आता ते लांब का झाले हे महत्त्वाचं आहे, कारण हेच स्क्रू बाकीच्या तीन कोपऱ्यांना पण होते आणि तिथे काही झालं नव्हतं. मागच्या डिसेंबरमध्ये यवतच्या पुढे मित्राच्या काकांच्या शेतात उडवताना मागचा उजवा आर्म (फ्रेमचा हात, ज्यातून खालून स्क्रू जाऊन मोटर धरतात) तुटला. त्या फ्रेमचा आर्म सुटा मिळेना म्हणून ओळखीतून भोसरीत कार्बनच्या शीटमधून सीएनसीवर कापून घेतला. मूळ आर्म ५ मिमी जाडीचा, त्यांच्याकडे शीट होती ४ मिमीची. मी म्हटलं चालेल, एक मिमीने काय होतंय. शिवाय जुन्या आर्मवर मोटरखाली टीपीयूचं (रबरासारख्या प्लास्टिकचं) एक मिमी जाड पॅड होतं, ते त्या क्रॅशमध्ये फाटलं, ते पण परत लावलं नाही. आता बेरीज करा. आधी ५ अधिक १ म्हणजे ६ मिमी, आणि ८ मिमी लांबीचा एम-थ्री स्क्रू, म्हणजे मोटरच्या आत २ मिमी जात होता. नव्या आर्मवर तोच ८ चा स्क्रू, खाली फक्त ४ मिमी, म्हणजे मोटरच्या आत ४ मिमी. माझ्या मोटरच्या बेसची जाडी व्हर्नियरने मोजली, अडीच मिमी. त्याच्या वर लगेच वाइंडिंग.

मग लगेच का नाही जळायची, पाच-सहा पॅक का चालायची, हा प्रश्न मला पण पडला होता. कारण स्क्रू तारेला नुसता टेकलेला असतो, वार्निश अजून मधे असतं. उडताना कंपनं, त्यात मोटर तापते, वार्निश मऊ होतं, स्क्रूचं टोक थोडं थोडं घासत राहतं. एका स्क्रूने एका फेजची तार उघडी पाडली तरी मोटर चालत राहू शकते, दुसऱ्या स्क्रूने दुसऱ्या फेजची उघडी पाडली की मधल्या ॲल्युमिनियमच्या बेसमधून दोन फेज एकमेकांना भिडतात, आणि खेळ संपतो. कार्बन फायबर पण वीज वाहून नेतं हे लक्षात ठेवा, लाकूड-प्लास्टिकसारखं नाही ते, त्यामुळे फ्रेमला कुठे बॅटरीची वायर घासली असेल तर मामला आणखी बिघडतो.

तेव्हा आर्म बदलला, पॅड काढलं किंवा लावलं, मोटरचं मॉडेल बदललं, की स्क्रूचा हिशोब परत करायचा. स्क्रू मोटरच्या आत २ मिमी गेला की पुरे, त्यापुढे मोटर उघडून बघितल्याशिवाय जायचं नाही. मोजायला व्हर्नियर नसेल तर सोपी युक्ती, मोटर हातात घेऊन आर्मशिवाय स्क्रू बोटांनीच हळूहळू आत फिरवा आणि बाजूने बघत राहा, टोक वाइंडिंगजवळ दिसायला लागलं की किती आटे बाहेर राहिले ते बघा, आर्म त्यापेक्षा जाड असला पाहिजे, आणि थोडाफार नाही, चांगला एक मिमी तरी जाड. मी आता त्या कोपऱ्याला ६ मिमीचे स्क्रू लावलेत. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत फिरलो, तिथे कथील, फ्लक्स, हीटश्रिंक सगळं मिळालं पण एम-थ्रीचे हव्या लांबीचे कडक स्टीलचे स्क्रू शेवटी नट-बोल्टच्या दुकानात मिळाले. दुकानातले काका म्हणाले, "अहो, सहाचे कशाला, आठचेच घ्या ना, धरून चांगले ठेवतात." मी त्यांना जळलेली मोटर दाखवली. त्यांनी चष्मा वर करून ती उजेडाकडे धरली, दोन ठिपके बघितले आणि न बोलता सहाची पुडी बांधून दिली.

मोटर बदलताना आणखी काय काय बघायचं ते आता पटापट सांगतो. जुन्या वायरी काढताना बोर्डाच्या बाजूचे पॅड आणि फ्लाइट कंट्रोलर (क्वाडचा तोल सांभाळणारा बोर्ड) कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने) झाका, कथिलाचा एक बारीक मणी आत घरंगळला तर नवीन दुखणं सुरू होतं. सोल्डरिंग आयर्न ६० वॉटच्या आसपासचं आणि चपट्या टिपचं घ्या, सुईसारखी टिप लावून पॅडवर मिनिटभर दाबून ठेवलं तर पॅडच उखडून येतो. ६३/३७ चं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) कथील वापरा, सुटसुटीत वितळतं. वायर आणि पॅड दोघांना आधी वेगवेगळं कथील लावून घ्यायचं आणि मग एकत्र टेकवायचं, दोन-तीन सेकंदांत काम होतं. काही मोटर्सच्या वायरी वेगळ्या जोडलेल्या नसतात, वाइंडिंगच्याच तारा तशाच बाहेर आणलेल्या असतात, त्या कापून आखूड केल्या तर आतल्या प्रत्येक तारेवर वार्निश असतं आणि कथील धरतच नाही, ते खरवडून जाळून काढावं लागतं, त्यामुळे शक्यतो कापूच नका, वळसा देऊन आर्मवर टेपने बांधा. स्क्रूला निळं थ्रेडलॉकर एक थेंब. लालवालं नको, परत निघणार नाहीत.

नवीन मोटर त्याच साइजची आणि त्याच केव्हीची हवी. तीन जुन्या आणि एक नवी चालते, काही बिघडत नाही, पण तीन १७५० आणि एक १९५० असं करू नका, फ्लाइट कंट्रोलर सांभाळायचा प्रयत्न करेल पण सगळा भार त्याच्यावर टाकण्यात अर्थ नाही.

जोडून झालं की थेट बॅटरी लावायची नाही. स्मोक स्टॉपर मिळतो तो लावा, नाहीतर घरी बनवा, नाना पेठेत गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात ट्रकच्या इंडिकेटरचा २४ व्होल्टचा २१ वॉटचा बल्ब मिळतो, तो बॅटरीच्या प्लस वायरमध्ये सिरीजमध्ये जोडायचा. बॅटरी लावल्यावर बल्ब क्षणभर चमकून विझला किंवा मंद झाला तर सगळं ठीक, तो क्षणभराचा उजेड कपॅसिटर भरण्याचा. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, ताबडतोब काढा, पण बोर्ड वाचलेला असतो. फोर एस वाल्यांना साधा १२ व्होल्टचा चालेल. या बल्बमधून मोटर फिरवायची नाही मात्र, तेवढा करंट त्यातून येत नाही, फक्त शॉर्ट बघण्यापुरतं ते.

मग बीटाफ्लाइटमध्ये (फ्लाइट कंट्रोलर सेट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) मोटर्सच्या टॅबवर या. प्रॉप काढलेत ना? बघा परत. नेहमीच्या क्रमाने मागची उजवी एक नंबर, पुढची उजवी दोन, मागची डावी तीन, पुढची डावी चार. एक आणि चार घड्याळाच्या दिशेने, दोन आणि तीन उलट, असं डिफॉल्ट असतं, तुम्ही उलट्या दिशेचा सेटअप (प्रॉप्स आउट) वापरत असाल तर हे पण उलटं. नवीन मोटर चुकीच्या दिशेने फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा किंवा ईएससीच्या सेटिंगमध्ये दिशा उलटी करा, दोन्ही एकच. मी सेटिंगमधूनच करतो, चांगला बसलेला डाग परत उकरायला मला आवडत नाही. बायडायरेक्शनल डीशॉट (ईएससीकडून मोटरचा वेग परत कळवणारी सेटिंग) चालू असेल तर तिथेच प्रत्येक मोटरचे फेरे दिसतात, चारही स्लायडर एकत्र थोडे वर न्या आणि आकडे बघा, चारही जवळपास सारखे हवेत. एखादी बरीच मागे पडत असेल तर ती बेअरिंगने, नाहीतर डागाने अडलेली असते. पोल्सची संख्या १४ आहे ना ते पण बघून घ्या, या साइजच्या मोटर्सना बेलमध्ये १४ मॅग्नेट असतात, उघडली असेल तर मोजा.

माझं कारण स्क्रू निघालं, तुमचं तेच असेल असं नाही, म्हणून दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतो ज्या आपल्याकडे जास्त त्रास देतात. एक म्हणजे माती. आपल्या भागातला सगळा दगड काळा, बेसाल्ट, आणि त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात जे चुंबकाला चिकटतात. लहानपणी वाळूच्या ढिगात चुंबक फिरवून काळी भुकटी गोळा केली असेल सगळ्यांनीच. तीच भुकटी क्वाड ढेकळात पडला की मोटरमध्ये जाते, मॅग्नेट आणि स्टेटरच्या मधल्या कागदाएवढ्या फटीत बसते आणि दर फेऱ्याला घासते. फुंकर मारून ती जात नाही, मॅग्नेट सोडतच नाही तिला. बेल काढून पोरांच्या खेळण्यातली क्ले मॅग्नेटवर दाबून दाबून उचलायची, चार-पाच वेळा, क्ले काळी यायची थांबेपर्यंत. नाहीतर सेलोटेप. उतरवताना मी आता खाली जुनी सतरंजी टाकतो आणि तेवढ्याने फार फरक पडलाय.

दुसरं बेअरिंग. पावसाळ्यात ओल्या गवतात उतरवून तसाच बॅगेत टाकला, पंधरा दिवसांनी काढला, की बेअरिंगला गंज. मोटर कानाशी धरून हळू फिरवा, खर्र असा आवाज येत असेल, किंवा बेल धरून आडवी हलवल्यावर टुकटुक खेळत असेल, तर बेअरिंग गेलं. मोटर टाकायची नाही. बऱ्याच पाच इंची मोटर्समध्ये ४ मिमी भोकाचं, ९ मिमी बाहेरच्या व्यासाचं, ४ मिमी जाडीचं बेअरिंग असतं, ६८४ झेडझेड म्हणून मागायचं, पण आधी आपलं मोजून घ्या. बाहेर काढताना स्टेटरला ठोकू नका, बेअरिंगच्या आतून बारीक पंचने हलकेच सगळीकडून थोडं थोडं. बसवताना बाहेरच्या रिंगवरच दाबायचं, आतल्यावर दाबलं तर नवीन बेअरिंग बसतानाच खराब होतं.

आणि चारही मोटर्स गरम येत असतील, एकच नाही, तर मोटर उघडत बसू नका. तिथे प्रॉप जड आहे, नाहीतर केव्ही बॅटरीला जास्त आहे, नाहीतर ट्यूनमध्ये (तोल सावरण्याच्या सेटिंगमध्ये) डी हा आकडा जास्त वाढवलाय आणि फिल्टर उघडे टाकलेत, मोटर्स सेकंदाला शेकडो वेळा पुढे-मागे ढकलल्या जातायत. तीस सेकंद हॉवर करून उतरवा आणि बोट लावून बघा, ट्यूनला हात लावला की प्रत्येक वेळी. एखादा वाकडा प्रॉप पण एकट्या मोटरला तापवतो, त्यामुळे एकच गरम येत असेल तर आधी प्रॉप बदलून बघा, सगळ्यात स्वस्त तेच आहे.

सहाचे स्क्रू लावून चौथी मोटर बसवली त्याला आता अडीच महिने झाले. पहिल्या पाच पॅकनंतर मुद्दाम काढून उघडली, परत वीस पॅकनंतर. बुडाकडून लॅम्प धरून बघितलं, चारही भोकांसमोर वार्निश अखंड, रंग तांबूसच. उतरवल्यावर चारही मोटर्स हाताला सारख्या लागतात, आधी मी ज्या कोपऱ्याला बोट लावायला बिचकायचो तो सुद्धा.

जळलेल्या तीन मोटर्स मी टाकल्या नाहीत. वाइंडिंग गेलं तरी बेल, मॅग्नेट आणि बेअरिंग धड असतात, आणि क्रॅशमध्ये सगळ्यात आधी वाकते ती बेलच. एकाच मॉडेलच्या असतील तर बेल अदलून बसते. मागच्या आठवड्यात पुढच्या डाव्या मोटरची बेल दगडावर आपटून चेपली, डब्यातून एक काढली, खालचा स्क्रू आवळला आणि त्याच संध्याकाळी परत उडवला.